फ्रेंच खेड्यातल्या यजमानांकडे जेवायला जाताना: आधी सांगा, मग मनापासून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई जूनच्या शेवटच्या आठवड्यात नवरा, दोन मुलं (१२ आणि ९ वर्षांची) आणि ७१ वर्षांच्या शाकाहारी सासूबाईंना घेऊन फ्रान्सच्या पेरिगोर भागात चालल्या आहेत. मुक्काम एका झीतमध्ये, म्हणजे आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या गावातल्या घरात. घरमालक निवृत्त शेतकरी जोडपं, अंगणापलीकडेच राहतं. त्यांनी कळवलंय की शनिवारी पोचाल त्या संध्याकाळी सातला ‘अपेरो’ला, म्हणजे जेवणाआधीच्या खाण्यापिण्याला या आणि गुरुवारी रात्री आमच्याकडेच जेवा. ताईंना विचारायचंय की इथून काय न्यावं, सासूबाईंचं कसं सांगावं, वाईन नाकारली तर त्यांना वाईट वाटेल का आणि उलट आपण त्यांना बोलावलं तर चालेल का.

ताई, मी गेली २१ वर्षं मराठी कुटुंबांना फ्रान्सच्या खेड्यांत मुक्कामाला नेते. सुरुवातीला दुभाषी म्हणून जायचे, आता मुक्कामही मीच ठरवते. त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांच्या मधल्या खुर्चीवर बसून मी पुष्कळ जेवणं जेवले आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘त्यांना त्रास नको म्हणून खाण्यापिण्याचं फारसं काही सांगणार नाही, तिथे जाऊन जे असेल त्यातलं घेऊ.’ हे मात्र करू नका. न सांगण्यानेच त्यांना खरा त्रास होतो.

आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कुणी नको समजत नाही. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि यजमानीण त्या हाताच्या बाजूने अर्धी पोळी सरकवतेच. दोघांनाही हे ठाऊक असतं आणि त्यातच गोडी असते. पेरिगोरमधल्या शेतघरात तुम्हाला एकदा विचारतील, तुम्ही दिलेलं उत्तर खरं मानतील आणि भांडं पुढे सरकेल. पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हा त्यांच्या दृष्टीने आदर आहे. पहिल्याच वर्षी सार्ला या तिथल्या बाजाराच्या गावाजवळ एका घरी मी हे अनुभवलं. लसूण आणि पार्स्ली घालून परतलेल्या बटाट्यांचं खोलगट भांडं माझ्यासमोर आलं, मादामनी ‘देऊ का’ विचारलं आणि मी हसून नुसतं ‘मेर्सी’ म्हटलं. मला म्हणायचं होतं, ‘द्या, आभारी आहे.’ पण काही पुढे केल्यावर नुसतं ‘मेर्सी’ म्हटलं की फ्रेंच माणूस त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा घेतो. भांडं शेजारच्याकडे गेलं. जेवणानंतर स्वयंपाकघरात मादामनी मला हळूच विचारलं, ‘बटाटे चांगले दिसत नव्हते का?’ त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी उपाशी राहिले याचं मला काही वाटलं नाही, पण तो चेहरा अजून आठवतो.

म्हणून घरातल्या पाचही जणांना दोन वाक्यं पाठ करायला लावा. हवं असेल तर ‘वुई, आव्हेक प्लेझीर’, म्हणजे हो, आनंदाने. नको असेल तर ‘नों, मेर्सी’. दोन्ही म्हणताना समोरच्याकडे बघायचं आणि एकदाच म्हणायचं. पोट भरलं हे सांगायला शब्दकोशातून ‘प्लॅन’ किंवा ‘प्लेन’ हा शब्द उचलू नका. बाईने तो स्वतःबद्दल वापरला तर गाभण जनावराचा अर्थ निघतो. ‘फार छान जेवले’ एवढं पुरतं: ‘झे त्रे बियँ मांझे’.

आग्रह त्यांच्याकडेही आहे, फक्त तो वेळेच्या रूपात असतो. गुरुवारच्या जेवणासाठी मादाम बुधवारी सकाळी सार्लाच्या बाजारात जाऊन येतील (तिथला बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो), गुरुवारी दुपारपासून ओट्याशी असतील आणि मग तीन तास तुमच्याबरोबर बसतील. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या समारंभी भोजनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा एखाद्या पदार्थाला घेतलं नाही. एकत्र जमणं, जिन्नस निवडून आणणं, टेबल मांडणं, सुरुवातीच्या पेयापासून शेवटच्या पेयापर्यंत किमान चार वाढण्या एका क्रमाने होणं, ही सगळी रीत त्या यादीत आहे. तुम्हाला बोलावलंय ते या रीतीत.

आता शनिवार. अपेरो म्हणजे जेवण नाही. जेवणाआधी तासभर बसून काहीतरी पिणं आणि तोंडात टाकणं, एवढंच. मुळे आणि लोणी, ऑलिव्ह, खारट केकचे चौकोन, सुक्या सॉसेजच्या चकत्या, शेंगदाणे. हे जेवण समजून मुलांना उपाशी नेलंत तर मुलं त्या एका बशीवर तुटून पडतील, आणि साडेनऊपर्यंत बसून राहिलात तर त्यांचं स्वतःचं जेवण खोळंबेल. सव्वाआठच्या सुमाराला उठायचं. निरोपात ‘अपेरो दिनात्वार’ असा शब्द असेल तर मात्र ते जेवणच आहे. मग रात्री वेगळा स्वयंपाक करू नका. घड्याळाचं म्हणाल तर सातला बोलावलंय म्हणजे सातला पाच कमी असताना दार वाजवायचं नाही. सात वाजून पाच-दहा मिनिटांनी जा. गुरुवारच्या जेवणाला दहा-पंधरा मिनिटं उशीर चालतो, ती त्यांची रीतच आहे.

आत पाऊल टाकताच ‘बोंझूर’, आणि संध्याकाळ असेल तर ‘बोंस्वार’. सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा. हे राहिलं तर पुढचं कितीही गोड बोललं तरी कमी पडतं. गालाला गाल लावायचा नसेल तर तुम्ही आधी हात पुढे करा. सासूबाईंनी नमस्कार केला तर फार छान दिसतो, कुणाला वावगं वाटत नाही.

जूनच्या शेवटी जाताय, तर शनिवारी बोलायला विषय आयता आहे. अपेरोला तिथे बहुतेक व्हँ द न्वा ठेवतील, म्हणजे कोवळ्या अक्रोडांची घरगुती गोड वाईन. साँ-झाँच्या सणाला, २४ जूनच्या आसपास, अक्रोड हिरवे असतात आणि आतलं कवच बनलेलं नसतं, सुई आरपार जाते. ते चार तुकडे करून तांबड्या वाईनमध्ये साखर आणि फळांच्या दारूबरोबर मुरत घालतात. मी एका आजोबांना ते करताना पाहिलंय. दाभण घेऊन झाडाखाली उभे होते, एकेक अक्रोड टोचून बघत होते, अडला की टाकून देत होते. वळवाच्या आधी लोणच्याची कैरी बाठ धरायच्या आत उतरवायची, हा हिशेब आपल्याला माहीत आहेच. सासूबाईंनी लोणचं घातलं असेल तर त्यांना ही गोष्ट क्षणात कळेल. ‘यंदाचे अक्रोड उतरवले का?’ एवढं विचारा, मस्य, म्हणजे घरमालक, तुम्हाला तळघरातल्या बरण्या दाखवायला घेऊन जातील. हात मात्र दोन दिवस काळे राहतात, मुलांनी तोडू लागायचं ठरवलं तर जुने कपडे घालू द्या.

वाईन नाकारण्याने कुणाला राग येत नाही. ‘झ न ब्वा पा दाल्कोल’, मी दारू घेत नाही, हे पहिल्या पेल्याच्या आधी सांगायचं. सरबताचा अर्क पाण्यात घालून देतात, पुदिन्याचा किंवा डाळिंबाच्या रंगाचा, नाहीतर सफरचंदाचा रस. जे मिळेल तो पेला उचलून, सगळ्यांचे भरेपर्यंत थांबून, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत ‘सांते’ म्हणायचं. पेल्यात काय आहे याला महत्त्व नाही, पण न बघता पेला टेकवला तर ते खटकतं. वाईन ओतून घेऊन तशीच ठेवणं मात्र टाळा. ती बाटली त्यांनी त्या जेवणासाठी निवडून काढलेली असते.

गुरुवार हा खरा कार्यक्रम, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

आधी पैशांचं. फ्रान्समध्ये शांब्र दोत नावाची व्यवस्था आहे, घरातल्या खोल्या नाश्त्यासकट भाड्याने देण्याची. कायद्याने जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ माणसं. त्यांच्याकडे उतरलेल्यांसाठी ते ताब्ल दोत ठेवू शकतात: एकच ठरलेला बेत, सगळे एका टेबलावर, आदल्या दिवशी सांगून, पैसे देऊन. तुम्ही झीतमध्ये आहात. झीत ही कल्पना १९५१ साली दक्षिणेकडच्या डोंगराळ बास-आल्प भागात पहिल्यांदा प्रत्यक्षात आली आणि १९५५ साली तिची देशव्यापी संघटना झाली. शेतातली पडीक घरं दुरुस्त व्हावीत, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावं आणि शहरातल्या माणसाला स्वस्तात सुट्टी, असा त्यामागे हेतू होता. तिथे घर तुमचं, चूल तुमची. म्हणजे गुरुवारचं बोलावणं हे शेजाऱ्याचं बोलावणं आहे. त्याचे पैसे देऊ करू नका, जाताना पाकीटही ठेवू नका.

मग सासूबाईंचं. हे आजच कळवा. नुसता ‘व्हेजेतारियँ’ हा शब्द पुरत नाही, अनेकांच्या डोक्यात त्यात मासा बसतो. पेरिगोर हा बदक आणि हंस पाळणाऱ्यांचा मुलूख आहे. बटाटे बदकाच्या चरबीत परततात, लसणाच्या सुपालाही तीच चरबी, हिरव्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सूप मांसाच्या पाण्यावर. यातलं काहीही त्यांच्या लेखी ‘मांसाचा पदार्थ’ नसतं, ती नुसती चव असते. म्हणून निरोपात एकेक गोष्ट लिहा: मांस नाही, मासा नाही, चरबी नाही, मांसाचं पाणी नाही, जिलेटिन नाही. लगेच पुढच्या ओळीत काय चालतं तेही लिहा: दूध, लोणी, सगळ्या भाज्या, डाळी, बटाटे, अक्रोड, फळं. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब असू द्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईला वाट दिसली पाहिजे. अंड्याचं तुमच्या घरात काय आहे ते स्पष्ट करा, कारण तिकडच्या निम्म्या गोड पदार्थांत अंडं असतं, आणि ऑम्लेट हा तिथल्या यजमानीणीला शाकाहारी पाहुण्यासाठी सुचणारा पहिला पदार्थ.

चीजचं एक सासूबाईंना स्वतःला सांगा. तिथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं विरजण वापरतात. काही जण हे कळल्यावर चीज खात नाहीत, काही खातात. हा निर्णय त्यांचा. टेबलावर बसल्यावर कळण्यापेक्षा नाशिकला कळलेलं बरं.

त्यांनी विचारलं की काय करू, तर सुचवायला पदार्थ आहेत आणि ते तिथलेच आहेत: अक्रोडाच्या तेलातलं सॅलड आणि त्यावर गरम काबेकू, म्हणजे बकरीच्या दुधाचं तळहाताएवढंही नसलेलं गोल चीज, तेलात परतलेले बटाटे, चरबी न घातलेलं लसणाचं सूप, मटार, फरसबी, आणि शेवटी पेरिगोरच्या स्ट्रॉबेरी. यात सासूबाईंसाठी वेगळं असं काही शिजवावं लागत नाही आणि त्या सगळ्यांबरोबर तेच जेवतात. वेगळं ताट मांडलेल्या पाहुण्याला अवघडायला होतं, हे त्यांनाही कळतं.

फ्वा ग्राबद्दल विचारलं नाहीत, पण येणारच. बदकाला किंवा हंसाला जबरीने खाऊ घालून वाढवलेलं यकृत. २००६ च्या एका कायद्याने फ्रान्सने त्याला आपला संरक्षित सांस्कृतिक वारसा ठरवलं आहे आणि पेरिगोरच्या घरात ते मानाने पुढे येतं. तुम्हाला ते पटत नसेल, आणि मलाही ते खाववत नाही, तर त्याच निरोपात ‘आम्ही फ्वा ग्रा खात नाही’ एवढं लिहा. त्या पक्ष्यांवर त्यांच्याच टेबलावर बसून चर्चा करू नका. ज्या घराचं मीठ खातोय तिथे बसून त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्याचा न्याय करणं मला कधीच बरोबर वाटलं नाही.

जेवणाचा क्रम कळला की निम्मी अडचण संपते. आपलं ताट एकदम मांडलं जातं, मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं डोळ्यांसमोर, आणि भूक आपण त्यावर वाटून टाकतो. तिथे पुढे काय आहे ते दिसत नाही. आधी सूप, मग सुरुवातीचा एखादा थंड पदार्थ, मग मुख्य पदार्थ भाजीबरोबर, मग नुसती हिरवी पानं, मग चीज, मग गोड, मग कॉफी. आमची माणसं पहिल्या दोन वाढण्यांतच पावावर पोट भरून घेतात आणि मुख्य पदार्थाला हात आखडतात. मादाम तोच पदार्थ दुपारपासून करत असतात. म्हणून सुरुवातीला थोडं, आणि मुख्य पदार्थ मात्र दुसऱ्यांदा घ्या. दुसऱ्यांदा घेणं हीच तिथे स्वयंपाकाची सगळ्यात मोठी पावती. चीज एकदाच घ्यायचं, दुसऱ्यांदा घेतलं तर जेवण कमी पडलं असा अर्थ होतो. घेतलेलं ताटात टाकायचं नाही, हे तर आपण घरूनच शिकून जातो. तिथे हे फार बारकाईने पाहतात.

हाताचे मनगट टेबलाच्या कडेवर राहू द्या. मांडीवर हात ठेवून बसणं आपल्याला सभ्य वाटतं, तिथे मात्र हात दिसले पाहिजेत. पाव ताटात न ठेवता ताटाशेजारी थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा आणि हाताने तोडून खायचा. सॅलडची पानं सुरीने कापायची नाहीत, घडी घालून घ्यायची. चीजचा त्रिकोण असेल तर टोक कापून घेऊ नका. प्रत्येकाला सालीपासून गाभ्यापर्यंतचा भाग मिळेल असा लांबट काप घ्यायचा, कारण चव गाभ्यात वेगळी आणि सालीजवळ वेगळी असते.

पाव उलटा पडला असेल तर कुणीतरी न बोलता तो सुलटा करेल. जुन्या काळी फाशी देणाऱ्याचा पाव भट्टीवाला उलटा ठेवायचा, म्हणून उलटा पाव अशुभ, अशी समजूत सांगतात. त्या अक्रोडवाल्या आजोबांच्या घरी मी आणखी एक पाहिलं. त्यांनी मोठा गोल पाव उचलला, सुरीच्या टोकाने त्याच्या खालच्या बाजूवर क्रूस काढला, मग तो छातीशी धरून स्वतःकडे सुरी ओढत जाड फोड कापली आणि पहिली फोड माझ्या पुढ्यात ठेवली. एवढं होईपर्यंत टेबलावर कुणी बोललं नाही. माझे वडील पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, तेव्हा आम्ही मुलं अशीच गप्प बसायचो.

त्याच जेवणात सूप संपत आल्यावर आजोबांनी खोलगट ताटलीत उरलेल्या दोन घोटांत तांबडी वाईन ओतली, ताटली गोल फिरवली, दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि भुरका मारत पिऊन टाकली. याला ‘शाब्रो’ करणं म्हणतात, दक्षिण-पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांची जुनी पद्धत. तरुण माणसं आता क्वचित करतात. माझ्याबरोबर सोलापूरचे एक काका होते. त्यांनी वाईन घेतली नाही, पण उरलेलं सूप त्याच पद्धतीने ताटली उचलून प्यायले, घरी आमटी पितात तसं. आजोबा इतके खूश झाले की पुढचा तासभर ते काकांशीच बोलत होते, त्यांची भाषा काकांना येत नव्हती आणि काकांची त्यांना, तरी मला दोघांनीही भाषांतर करू दिलं नाही. तुमच्या टेबलावर असं कुणी केलं तर मुलांना हसू देऊ नका. आणि यजमान पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेत असतील तर तुम्हीही घ्या. शेतघरात तो स्वयंपाकाचा मान आहे.

मुलांनी पूर्ण वेळ बसावं अशी अपेक्षा असते, पण मधल्या वाढणीनंतर विचारून उठता येतं. फोन मात्र टेबलावर नको, मोठ्यांचाही. सासूबाई दमल्या तर चीजनंतर त्या झोपायला जातील असं आधीच सांगून ठेवा, कुणाला काही वाटत नाही.

भेटीचं. तिथे भेट तुमच्यासमोरच उघडतात, म्हणून आत काय आहे ते सांगायची तयारी ठेवा. वाईन नेली तर ती त्या रात्री उघडतीलच असं नाही. फुलं न्यायची असतील तर शेवंती नको, ती तिथे १ नोव्हेंबरला थडग्यांवर वाहतात. मला विचाराल तर चांगला दार्जिलिंग चहा, कोकणातले काजू आणि गोडा मसाल्याची छोटी बाटली. बाटलीबरोबर एक कागद, त्यावर ‘गाजराच्या किंवा मसूराच्या सुपात पाव चमचा’ असं सोप्या फ्रेंचमध्ये लिहिलेलं. काय करायचं ते कळलं नाही तर मसाला कपाटात पडून राहतो. मी कागद दिलेल्या घरी पुढच्या वर्षी गेले तेव्हा बाटली रिकामी होती.

सामानात काय नको ते नीट लक्षात घ्या. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभतं आणि मांस प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही, म्हणजे तूप, पेढे, पनीर बंद. ताजी फळं, भाज्या, पानं यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळं, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढीच सुटलेली. त्यामुळे हापूस आणि कढीलिंब घरीच ठेवा. चिवडा, चिक्की, भाजणी, कोरडे मसाले, डाळी, केशर, सीलबंद डब्यातला आमरस न्या.

आता उलट बोलावण्याचा प्रश्न, आणि याचं उत्तर जोरात हो आहे. फ्रेंचमध्ये ‘ओत’ हा एकच शब्द यजमानालाही लावतात आणि पाहुण्यालाही. नुसतं त्यांच्याकडे जेवून निघून आलात तर त्या शब्दाची एक बाजू कोरी राहते. पण पूर्ण जेवणाचा घाट घालू नका. परक्या चुलीवर, मोजक्या भांड्यांत पाच-सहा पदार्थ करताना तुमची सुट्टी संपेल. मंगळवारी त्यांना तुमच्याकडे अपेरोला बोलवा. निमंत्रण शनिवारीच द्या, तिकडे आयत्या वेळचं बोलावणं आवडत नाही.

बेत सोपा ठेवा: कांदाभजी, चिवडा आणि श्रीखंड. बेसन तिथे ‘फारीन द प्वा शीश’ या नावाने सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळतं. नीस शहरात त्याचंच पातळ धिरडं लाकडाच्या भट्टीत भाजतात, त्याला सोका म्हणतात. भजीत ओवा घाला, मिरची अजिबात नको, तिखट वेगळं बशीत ठेवा. घरात जुन्या लाकडी तुळया असतील तर तळणाचा वास महिनाभर राहतो, म्हणून खिडक्या उघडून तळा. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. खेड्यातल्या बऱ्याच घरांना स्वतःची सेप्टिक टाकी असते आणि तेलाने ती बिघडते. गार करून बाटलीत भरा आणि कुठे टाकायचं ते मस्यना विचारा. भजीबरोबरही एक चांगला पाव आणून ठेवा. पाव नसला की त्यांचा हात टेबलावर काहीतरी शोधत राहतो.

श्रीखंडासाठी चक्का शोधत फिरायची गरज नाही. प्रत्येक दुकानात फ्रोमाज ब्लाँ मिळतं, दह्यासारखं मऊ, ताजं चीज. सगळ्यात जास्त स्निग्धांशाचं एक किलो घ्या, सुती फडक्यात बांधून सोमवारी रात्री सिंकच्या नळाला टांगा, सकाळी त्याचा घट्ट, किंचित आंबट चक्का झालेला असतो. साखर, वेलदोडा, नेलेलं केशर, आणि सासूबाई चक्का फेटायला बसल्या की झालं. (फ्रोमाज ब्लाँमध्येही विरजणाचा तोच प्रश्न असतो. त्यांना चालत नसेल तर साधं याऊर्त, म्हणजे दही टांगा. जास्त लागतं, पण होतं.) वरून त्यांच्याच शेतातल्या किंवा बाजारातल्या स्ट्रॉबेरी. एका यजमानीणीने पहिला चमचा तोंडात घालून डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘हे आमचंच फ्रोमाज ब्लाँ आहे, पण लग्नाला निघालेलं.’ नंतर त्यांनी फडकं कसं बांधायचं ते दोनदा करून घेतलं.

तूप हवं असेल तर तिथल्या लोण्याचं घरीच कढवा, फार सुंदर होतं. फक्त पाकिटावर ‘दू’ म्हणजे बिनमिठाचं लिहिलेलं पाहून घ्या. घरमालकीण वासाने दारात आली तर तिला बेरी चाखायला द्या.

एक संध्याकाळ रात्रीच्या बाजाराला ठेवा. उन्हाळ्यात पेरिगोरच्या गावांत चौकात लांब टेबलं मांडतात, शेतकरी आपला माल तिथेच शिजवून विकतात आणि गाव एकत्र जेवतं. बऱ्याच ठिकाणी ताटं, पेले, काटे-सुऱ्या घरून न्यायच्या असतात. यजमानांनाच विचारा त्या आठवड्यात कुठे आहे. बहुतेक तेही येतील आणि तुमची जागा धरून ठेवतील. सोमवारी गावातली बरीचशी दुकानं बंद, रविवारी दुपारनंतरही, रोज दुपारी साडेबारा ते अडीच तर बंदच, त्यामुळे शनिवारी येतानाच सामान भरा.

शुक्रवारी रात्री घरातल्या पाहुण्यांच्या वहीत, जी बहुतेक झीतमध्ये असते, चार ओळी लिहा. मराठीत लिहा आणि खाली फ्रेंचमध्ये, आणि ‘सगळं छान होतं’ असं न लिहिता काय जेवलात ते पदार्थांच्या नावानिशी लिहा. मादाम ती वही हिवाळ्यात काढून वाचतात. आणि पोचल्या दिवशी टेबलावर जॅमची बरणी किंवा केकची बशी ठेवलेली असेल, तर ती धुऊन रिकामी परत करू नका. शनिवारी सकाळी किल्ली द्यायला जाल तेव्हा तिच्यात उरलेला चिवडा भरून द्या. सासूबाईंना हे सांगावं लागणार नाही.